खऱ्या नावाची सक्ती केली तर बातमीखालच्या शिव्या थांबतील का?

पाणंद (धागाकर्ती)

गेल्या काही दिवसांत इथल्या दोन-तीन धाग्यांवर एकच मागणी वाचली. बातम्यांच्या पानांवर आणि यूट्यूबखाली अनोळखी लोक एकमेकांची आयमाय काढतात, त्यावर इलाज एकच: आधार जोडा, खरं नाव लिहायला लावा, मग बघा कसे सुतासारखे सरळ होतात. मागणी करणाऱ्यांत मला आदर वाटतो अशी माणसं आहेत, म्हणून तिथे एका ओळीत विरोध करण्यापेक्षा वेगळा धागा काढते आहे. मला हा इलाज चुकीचा वाटतो. आपल्या महाराष्ट्रात तर जास्तच.

कुठल्याही मोठ्या मराठी वाहिनीच्या फेसबुक पानावर जा आणि कांद्याच्या भावाची बातमी उघडा. सुरुवातीचे काही प्रतिसाद निर्यातबंदी, साठवणूक, व्यापारी यांच्याबद्दल असतात. मग कुणीतरी लिहितो, 'आडनाव वाचलं तेव्हाच कळलं.' तिथे कांदा संपतो. पुढचे दोनशे प्रतिसाद कुणाच्या आज्याने कुणावर काय अन्याय केला याचे. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या नावांवर टिचकी मारा. पूर्ण नाव, गाव, कॉलेज, कडेवर मूल घेतलेला फोटो. बहुतेक ठिकाणी चेहरा झाकलेला नाहीच. म्हणजे ज्याची मागणी होते आहे ते तिथे आधीच घडलेलं आहे, आणि शिव्या थांबलेल्या नाहीत.

उलट मला वाटतं, आपल्याकडे आडनावच आगीत तेल ओततं. वाचणारा आडनावावरून जात लावतो, जातीवरून पक्ष लावतो, आणि तुम्ही काय म्हणणार हे तुमचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ठरवून टाकतो. नाव बाईचं असेल तर जात लावण्याचीही गरज पडत नाही, थेट इनबॉक्समध्ये घाण येते.

गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमाने २०११ मध्ये खऱ्या नावाची सक्ती केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये यूट्यूबचे प्रतिसाद त्या खात्यांना बांधले. जुलै २०१४ मध्ये कंपनीने सक्तीच मागे घेतली, आणि पुढच्या वर्षी यूट्यूबही त्यातून सोडवलं.

आपला स्वतःचा इतिहास तर याहून बोलका आहे. १८४८ ते १८५० या काळात मुंबईच्या 'प्रभाकर' या साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने १०८ पत्रं आली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि ज्या समाजावर कोरडे ओढत होते त्यातलेच होते. टोपणनाव होतं म्हणून ते बोलू शकले. आणि १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' स्वतःच्या नावाने छापलं. सुरतेच्या एका विधवेला शिक्षा झाली होती आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रं सरसकट बायकांच्या चारित्र्यावर घसरली होती, त्याला दिलेलं ते उत्तर होतं. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले आपल्या 'सत्सार' या नियतकालिकातून त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळालं नाही. खऱ्या नावाची किंमत कोण मोजतं, हे मला त्यातून दिसतं.

मला टिकाऊ टोपणनाव हवं आहे. ज्या आयडीने काल काय लिहिलं ते आज लोकांना आठवतं, असं नाव. एसटी स्टँडवर धक्का लागल्यावर माणूस जसा बोलतो तसा तो आपल्या आळीत बोलत नाही, कारण आळीत उद्याही तोंड दाखवायचं असतं. बातमीच्या पानावर उद्या नसतो.

बुरूज

पाणंद ताई, लेख चांगला उतरलाय, पण ज्याच्यावर वेळ आली नाही त्याला हे सुचतं.

माझी धाकटी बहीण शिक्षिका आहे. शाळेच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणीतरी टाकला, त्यात ती मुलांना लेझीम शिकवताना दिसते. खाली एका बिननावाच्या खात्याने तिच्याबद्दल जे लिहिलं ते मी इथे टंकू शकत नाही. एकाने लिहिलं, मग दहा जणांनी री ओढली. आम्ही तक्रार केली. पोलीस ठाण्यात 'खातं कुणाचं आहे ते कळत नाही' हेच उत्तर महिनोन्‌महिने. तोवर खातं गायब. पालकांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरले आणि तिने पुढच्या स्नेहसंमेलनात भाग घेतला नाही.

ताराबाईंनी नाव लावलं, कारण त्यांच्यात हिंमत होती. हा नाव लावत नाही, कारण त्याला परिणाम भोगायचे नाहीत. दोघांना एका मापाने मोजू नका. नाव दिसलं असतं तर मी त्याच्या दारात गेलो असतो.

दूधगंगा_काठ

बुरूजभाऊ, बहिणीचं वाचून लई वाईट वाटलं. पण तुमचं शेवटचं वाक्य परत वाचा. नाव दिसलं की माणसं दारात जातात, हीच तर भीती आहे.

पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद होती, त्यावर एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. शिवी नव्हती, कुणाला धमकी नव्हती. दुसरीनं फक्त लाइक केलं. दोघींनी खऱ्या नावानं. जमाव गेला कुठं? त्या मुलीच्या काकांच्या दवाखान्यात. तिथं मोडतोड झाली, आणि अटक झाली ती या दोघींना. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवून रद्द केलं, पण त्या रात्री त्या पोरींना त्याचा काय उपयोग?

नाव उघडं असलं की पहिला मार शिवी देणाऱ्याला बसत नाही. ज्याच्या मागं माणसं नाहीत त्याला बसतो.

हान_नदीकाठी

मी दक्षिण कोरियात, सोलमध्ये राहतो. हा प्रयोग या देशाने अख्खाच्या अख्खा करून पाहिलाय, म्हणून लिहितो.

२००७ मध्ये इथे कायदा आला. मोठ्या संकेतस्थळांवर प्रतिसाद लिहायचा तर आधी आपल्या रहिवासी क्रमांकाने ओळख पटवायची. सुरुवातीला रोज तीन लाख वाचक असलेल्या स्थळांना तो लागू होता, नंतर मर्यादा एक लाखावर आणली. कारणही खरं होतं. इथल्या प्रतिसादांनी माणसांचं जगणं नकोसं केलं होतं. बुरूज यांच्या घरी जे झालं ते इथे अनेक घरांत झालं होतं.

लक्षात घ्या, पडद्यावर टोपणनाव चालत होतं. खरं नाव फक्त कंपनीकडे. म्हणजे आपल्याकडे 'आधार जोडा' म्हणणारे जे मागतात, नेमकं तेच. जुलै २०११ मध्ये 'नेट' (Nate) हे पोर्टल आणि 'सायवर्ल्ड' हे समाजमाध्यम, या दोन सेवांवर सायबर हल्ला झाला आणि साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्याच पाच कोटींच्या आसपास. ऑगस्ट २०१२ मध्ये इथल्या घटना न्यायालयाने एकमताने कायदा रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं असं की बेकायदा मजकूर लक्षणीय कमी झाल्याचं दिसत नाही, लोक परदेशी स्थळांकडे वळले, आणि बोलण्याच्या स्वातंत्र्यावर मात्र बंधन आलं.

शिव्या आजही आहेत. इथल्या मोठ्या पोर्टलांनी २०१९-२० मध्ये मनोरंजनाच्या बातम्यांखालची प्रतिसादांची जागाच बंद केली, तीही तरुण कलाकारांच्या मृत्यूंनंतर.

सडेतोड

कोरिया, ताराबाई, लोकहितवादी... विषय साधा आहे. ज्याला लपवण्यासारखं काही नाही तो नाव लपवत नाही. आडनावाची एवढी भीती वाटत असेल तर त्यामागे काय कारण असेल ते सगळ्यांना कळतं. [पुढची दोन वाक्यं संपादित]

चारी_क्रमांक_४

संपादकांनी काढलेली दोन वाक्यं मी वाचली होती. तरीही उत्तर देतो.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. काही वर्षांपूर्वी एका दैनिकाच्या पानावर उन्हाळी आवर्तनाबद्दल, म्हणजे कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळीबद्दल, बातमी होती. त्यात लिहिलं होतं की शेवटच्या गावांना पाणी मिळत नाही कारण धरणातच पाणी नाही. ते खरं नव्हतं. धरणात पाणी होतं, पण वरच्या भागात कालव्यावर मोटारी होत्या आणि आवर्तन शेवटाकडून वर असं राबवलंच नव्हतं. मी ते माझ्या पूर्ण नावाने, आकड्यांसह लिहिलं. पहिलं उत्तर आलं: 'राखीव जागेवरचा साहेब बोलला.' त्याला शेकडो लाइक. त्यानंतर पाण्याबद्दल एकानेही विचारलं नाही. मी किती टक्क्यांवर पास झालो असेन यावर चर्चा. माझा मुलगा ते वाचत होता. मी खातं बंद केलं.

इथे मी चारी क्रमांक चार या नावाने वर्षानुवर्षं लिहितो आहे. बुरूज, तुम्ही स्वतः माझ्या ठिबकच्या धाग्यावर माझ्याशी तीन दिवस कडाक्याचं भांडलात. तुम्ही मला 'अडाणी' म्हणालात, मी तुम्हाला 'पुस्तकी' म्हणालो. त्या भांडणाने मला आनंद झाला होता, कारण ते ठिबकबद्दल होतं. आयुष्यात पहिल्यांदा माणसं माझ्या म्हणण्याशी भांडत होती.

सडेतोड यांना एवढंच सांगतो: लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मला माझ्या कामावर बोलायचं आहे आणि माझ्या आडनावासह ते मला करू दिलं जात नाही.

रानजाई

चारीकाका, मनापासून नमस्कार. तुमच्या धाग्यामुळे आमच्या गावात पाणी वापर संस्थेची बैठक झाली होती, हे तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

सडेतोड यांच्या प्रतिसादाचा तीव्र निषेध.

दूधगंगा_काठ

सडेतोड, हिंमत असंल तर तुमचंच नाव लिवा की आधी इथं. [पुढचा मजकूर संपादित]

संपादक मंडळ

सडेतोड यांना ताकीद दिली आहे आणि त्यांचा आयडी आठ दिवस वाचनमात्र केला आहे. दूधगंगा, राग समजतो, पण तुमच्या प्रतिसादातलाही व्यक्तिगत भाग काढला आहे. कुणाचं खरं नाव, नोकरी, गाव उघड करण्याची मागणी या स्थळावर चालत नाही, समोरचा कितीही चुकीचा असला तरी.

विषय आपल्या कामाचा आहे म्हणून आमची बाजूही लिहितो. इथे टोपणनाव चालतं ते नुसत्या टोपणनावाच्या जोरावर नाही. नव्या आयडीचे पहिले काही प्रतिसाद आम्ही वाचून मग प्रकाशित करतो. एकाच माणसाचे दोन-दोन आयडी सापडले तर दोन्ही बंद होतात. निवडणुकीच्या काळात आळीपाळीने रात्री जागतो. हे सगळं आम्ही नोकरी-संसार सांभाळून, बिनपगारी करतो आणि दोन्हीकडून पक्षपाताचे आरोप ऐकतो. पाणंद यांनी आळीबद्दल लिहिलं ते बरोबर आहे, पण आळीत कुणीतरी दिवा लावतं तेही लिहायला हवं होतं.

रात्रपाळी_उपसंपादक

संपादक मंडळाने जे लिहिलं ते वाचून मला राहवलं नाही. मी एका माध्यमसमूहाच्या डिजिटल विभागात काम केलं आहे. नाव सांगत नाही.

बातमीखाली जी आग लागते ती कुणाला दिसत नाही असं नाही. सगळ्यांना दिसते. रात्रपाळीला दोन-तीन माणसं, त्यांनी बातम्या टाकायच्या, मथळे बदलायचे, व्हिडिओ कापायचे. हजारो प्रतिसाद कोण वाचणार? यंत्राची चाळणी आहे, पण मराठी शिवीच्या मध्ये दोन टिंबं टाकली की ती निसटते. रोमन लिपीत लिहिली तर दहा स्पेलिंगं.

आणि ती आग विझावी अशी फार घाईही कुणाला नसते. भांडण जितकं लांबतं तितकी बातमी वर येते. २०१७ पासून फेसबुकने रागाच्या चिन्हासह सगळ्या भावचिन्हांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. लोकांना चिडवणारा मजकूर त्यामुळे वर येतो हे कंपनीच्या आतल्याच लोकांनी दाखवलं. मग रागाचं वजन टप्प्याटप्प्याने कमी करत सप्टेंबर २०२० मध्ये शून्य केलं. मधली तीन वर्षं मथळे लिहिणारी माणसं काय शिकली, ते मी जवळून पाहिलं आहे. 'अमुक समाजाच्या नेत्याचं वक्तव्य, तमुक समाज आक्रमक' हा साचा आपोआप तयार झाला नाही.

इलाज आहेत. मार्च २०२१ पासून फेसबुकच्या पानचालकाला एखाद्या मजकुराखाली कुणी लिहायचं ते ठरवता येतं. नॉर्वेच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या तंत्रज्ञान विभागाने २०१७ मध्ये काही लेखांखाली लिहिण्याआधी त्या लेखावरच तीन सोपे प्रश्न विचारायला सुरुवात केली. लेख वाचला असेल तरच बोला. आणि ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितलं की माध्यमांच्या फेसबुक पानावर वाचकांनी लिहिलेल्या बदनामीकारक मजकुराचे प्रकाशक ती माध्यमंही ठरतात. त्याच महिन्यात सीएनएनने ऑस्ट्रेलियातल्या वाचकांसाठी आपलं फेसबुक पान बंद केलं. जबाबदारी अंगावर आली की किती चटकन हालचाल होते बघा.

बुरूज

चारीसाहेब, ठिबकचं भांडण मला चांगलं आठवतं. तुमच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या धाग्यावरच्या भांडणात मला तुमचं आडनाव माहीत असतं तर मी वेगळा वागलो असतो का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. नसतो वागलो, असं मला वाटतं. पण बाकीच्या हजारांची खात्री मी देऊ शकत नाही, हे कबूल.

पण पाणंद ताई, हान नदीकाठी, उपसंपादक, तुम्ही सगळ्यांनी कोरिया-नॉर्वे-ऑस्ट्रेलिया फिरवून आणलंत आणि माझ्या बहिणीला काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. तिला लेख वाचून तीन प्रश्न सोडवलेला माणूस नको आहे. तिला तो माणूस हवा आहे ज्याने ते लिहिलं.

पाणंद

बुरूज, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्या लेखात त्याला जागा नव्हती. कायद्याचं मला पुरेसं कळत नाही, म्हणून एका जाणकार सदस्येला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

तोवर फक्त 'नाव दिसलं असतं तर त्याने लिहिलं नसतं' याबद्दल. इस्रायलच्या हैफा विद्यापीठातला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. अनोळखी माणसांच्या जोड्या करून त्यांना एका वादाच्या प्रश्नावर चॅटवर बोलायला लावलं. काहींना एकमेकांची माहिती दिली, काहींना नाही. काही एकमेकांना दिसत होते, काही नाही. काहींची नजरानजर होईल अशी व्यवस्था केली, काहींची नाही. उर्मटपणा आणि धमक्या वाढण्यात सर्वांत मोठा वाटा नजरानजर नसण्याचा निघाला, निनावीपणाचा नाही. तुमच्या बहिणीच्या व्हिडिओखाली री ओढणाऱ्या त्या दहा जणांपैकी कितींची नावं खरी होती, ते एकदा बघाल का?

बुरूज

बघितलं. स्क्रीनशॉट आहेत माझ्याकडे. पहिला बिननावाचा. बाकीच्यांत सहा जण खऱ्या नावाचे, त्यातले दोघे आमच्याच तालुक्यातले.

काळा_कोट

पाणंद ताईंनी बोलावलं म्हणून आले. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. सर्वसाधारण माहिती देते, प्रत्यक्ष सल्ल्यासाठी कागद बघावे लागतील.

बुरूजदादा, पहिली गोष्ट: बिननावाचं खातं म्हणजे न सापडणारा माणूस नव्हे. खातं उघडताना दिलेला फोन, ईमेल, लॉगिनचे आयपी पत्ते कंपनीकडे असतात आणि तपास अधिकारी ते रीतसर मागवू शकतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार काढून टाकलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी कंपनीने १८० दिवस जपायच्या असतात, तपासासाठी मागणी आली तर त्याहून जास्त. म्हणून उशीर घातक ठरतो. ठाण्यातून 'कळत नाही' असं उत्तर आलं, तेव्हा खरं उत्तर 'अजून विचारलेलं नाही' असं असण्याची शक्यता मोठी. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. दखल घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये येतात. ऑनलाइन पाठलाग कलम ७८ मध्ये. धमकी देताना ओळख लपवली असेल तर कलम ३५१ मध्ये त्यासाठी वाढीव शिक्षा आहे, म्हणजे मूळ शिक्षा अधिक दोन वर्षांपर्यंत. मजकूर अश्लील असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी भारतीय दंड संहिता लागेल.

नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका. मजकुराचा पूर्ण दुवा, खात्याचा दुवा, तारीख-वेळ लिहून ठेवा. पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ज्या फोनवर स्क्रीनशॉट काढले तो फोन विकू नका.

आणि ते सहा जण. त्यांची नावं तुमच्याकडे आहेतच. त्यांच्याविरुद्ध अर्ज का दिला नाही?

बुरूज

सगळं लक्ष पहिल्या खात्यावर होतं. तो सापडला की बाकीचे गप्प बसतील असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या दोघांपैकी एकाच्या घरी आमचं जाणं-येणं आहे. आई म्हणाली, गावात वाईटपणा नको.

दूधगंगा_काठ

हे असं आहे बघा. नाव कळलं तरी हात उचलत न्हाई, कारण नाव कळलं म्हणूनच वाईटपणा येतो.

रानजाई

बुरूजदादा, बहिणीला विचारलंत का तिला काय हवंय? दारात जाणं, अर्ज करणं, आईचं 'वाईटपणा नको', या सगळ्यात तिचं मत अजून या धाग्यावर आलेलं नाही.

बुरूज

आत्ता फोन केला होता. तिला अर्ज द्यायचा आहे. सहाही जणांविरुद्ध, ओळखीच्या माणसासकट. आईशी ती स्वतः बोलणार आहे. म्हणाली, शाळेतल्या मुलींनी ते प्रतिसाद वाचलेत, मी गप्प बसले तर त्या काय समजतील?

पाणंद ताई, माझी मागणी मी सोडलेली नाही. पहिला माणूस अजून मोकळा आहे आणि तो सापडेपर्यंत मी तुमच्याशी सहमत होणार नाही. पण प्रतिसादात आडनाव दिसायला हवं, हा भाग मी मागे घेतो. ते चारीसाहेबांसाठी.

काळा कोट ताई, घटना गेल्या डिसेंबरातली आहे. १८० दिवसांचं बघायला हवं. व्यनि केला आहे.

काळा_कोट

मिळाला. दुवे आणि आधीच्या अर्जाची पोच पाठवा. कंपनीकडे नोंदी जपून ठेवण्याची मागणी पोलिसांमार्फत आधी जायला हवी, तिचा मसुदा आज रात्री करते.